स्लॅबवरचं पाणी

समोरच्या प्लॉटवर गेल्या आठवड्यात स्लॅब टाकला. दिवसभर मिक्सर घरघरत होता, संध्याकाळी मालकांनी कामगारांना जिलेबी वाटली, एक पुडा आमच्याकडंही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्यानं स्लॅबवर छोटे छोटे बांध घातले, शेतात वाफे करतात तसे, आणि मोटर लावून ते काठोकाठ भरले. तेव्हापासून ते पाणी कडेकडेनं ठिबकतंय. चैत्राचं ऊन, कराडसारखं नदीकाठचं गाव, नळाला दोन वेळा पाणी. कुणाला त्याचं काही वाटायचं कारण नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आवाजानंच किती गार वाटतं, नाही?" मी उठून खिडकी लावून घेतली. भर उन्हाळ्यात खिडकी लावून बसणारी तऱ्हेवाईक म्हातारी म्हणून माझं नाव झालेलंच आहे, आणखी थोडं होईल.

माझ्या घरात फिनेल येत नाही. उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या बाईच्या घरात फिनेल नाही, याचं सुनेला नवल वाटतं. ती लिंबाच्या वासाचं काहीतरी आणून फरशी पुसते. मी त्यावर काही बोलत नाही. बोलायला लागले तर थेट त्या गावापर्यंत जावं लागेल, आणि सुनेला दुपारी मालिका बघायची असते.

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की लोक खडी फोडणाऱ्या बायकांच्या, वाटपाच्या सुकडीच्या, परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. मीही ती भाकरी खाल्ली आहे. पण मला त्या उन्हाळ्यातल्या आधी आठवतात त्या नळाच्या तोट्या. पितळी, चकचकीत, लाकडाच्या भुश्शात बसवून खोक्यातनं आलेल्या. विट्याच्या पुढं, जिथं विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, तिथं आमच्या संस्थेनं तोट्या पाठवल्या होत्या.

मी मूळची रहिमतपूरची. नर्सिंग शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेत लागले होते. संस्थेला त्या कोरड्या मुलखात बाळंतपणाचा दवाखाना बांधायचा होता. हेतू चांगला होता. हे मी टोमण्यानं लिहीत नाही. तो खरोखरच चांगला होता, आणि म्हणूनच मला अजून त्याचा राग येतो. वाईट माणसांनी वाईट केलं असतं तर मी केव्हाच विसरून गेले असते.

दवाखाना उभा राहीपर्यंत मला गावच्या तालमीमागची खोली दिली होती. पलीकडं पूर्वी पोरं शड्डू ठोकायची. दुष्काळात खुराक कुठला, म्हणून तालीम बंद पडली होती. तांबड्या मातीचा नि तेलाचा वास त्या भिंतीतनं जाता जात नव्हता. मी रोज ओंजळभर पाण्यात फिनेल घालून फरशी पुसायची. माझ्या हातांना, पदराला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा तो वास यायचा. बायका म्हणायच्या, "नर्सबाई आल्या, वास आला." हसून म्हणायच्या. तेव्हा हसून म्हणायच्या.

खरेदी सांगलीला व्हायची. मी काय मागितलं होतं? कात्र्या उकळायला झाकणाचं भांडं, दोन कंदील, रबरी चादर, कापूस, नाळ बांधायचा दोरा आणि पाणी साठवायला दोन मोठी पिंपं. ट्रक आला त्यात पांढऱ्या शुभ्र फरश्या होत्या, हात धुवायची चिनी मातीची भांडी होती, त्या तोट्या होत्या, दुधाच्या पावडरीचे डबे होते आणि काळ्या फिनेलचे कॅन होते, घाऊक घेतले की स्वस्त पडतात म्हणून. भांडं आलं, त्याला झाकण नव्हतं. पिंपं आलीच नाहीत. सांगलीतल्या पंख्याखाली बसून ज्यानं ही खरेदी केली, त्याला मी पुढं एकदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, इमारतीत नळ येणारच आहे की, मग पिंपं कशाला?" नळ कुठून येणार, हा प्रश्न त्याच्या टेबलावरचा नव्हता.

ती खोकी फोडली तेव्हा बायना बघायला आली होती. मेंढपाळाची सून. मोठ्या डोळ्यांची, काळीसावळी, पोटुशी. तिचा नवरा मेंढरं घेऊन पार कृष्णाकाठाला गेला होता, उसाच्या वाड्यावर, त्या हिरव्या शेंड्यांवर, मेंढरं जगतील म्हणून. घरात ती आणि सासू. सासूचं नाव यल्लूबाई. बायनाची आधीची दोन पोरं घरातच झाली होती आणि दोन्ही हाती लागली नव्हती. या खेपेला तिनं स्वतः येऊन मला सांगितलं होतं, "बाई, ह्ये तुमच्या हातानं हूं द्या." मी तिला तपासलं. मूल आडवं होतं. मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, कळ आली की आधी मला बोलवायचं, चुलीपाशी बसून राहायचं नाही. वेळ पडली तर ट्रकमध्ये घालून सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. यल्लूबाई शेजारीच उभी होती. "व्हय व्हय, बोलिवतो की," म्हणाली होती.

बायनानं खोक्यातली एक तोटी उचलली, फिरवून बघितली, उलटी करून तिच्या तोंडात डोकावली.

"ह्यातनं कवा येतंय वो पानी?"

मी म्हटलं, "तुझं बाळ चालायला लागलं की येईल."

ती तोटी तिनं पदरानं पुसून परत ठेवली.

बांधकामावर जाधव ओव्हरसियर होते. इस्लामपूरकडचे, घरचा ऊस, पाटाच्या पाण्यात पाय सोडून वाढलेला माणूस. स्वभावानं सरळ, कामाला चोख. त्या काळात सिमेंट परवान्यावर मिळायचं. त्या पोत्यांसाठी त्यांनी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते त्यांनाच ठाऊक. पोती आली तेव्हा त्यांनी एकेका पोत्याला हात लावून बघितला होता, ओल तर लागली नाही ना म्हणून. मला त्या माणसाला दुष्ट ठरवता येत नाही. प्रयत्न खूप केला, जमत नाही.

गावातल्या बायकाच कामावर होत्या. स्लॅबच्या दिवशी त्यांनी शिडीवर ओळ धरून घमेली वर पोचवली. यल्लूबाई त्या ओळीत सगळ्यात वरच्या पायरीवर होती. काम आटोपल्यावर सगळ्यांना गुळाची लापशी वाढली. पहाडी आवाजाच्या एका म्हातारीनं दवाखान्यावर ओवी रचून म्हटली, जाधवांचं नाव त्यात घातलं, जाधव लाजले. त्या एका संध्याकाळी ते गाव सुखी दिसलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

सकाळी वाफे बांधले गेले आणि त्यात टँकर रिकामा झाला.

गावासाठी सरकारी टँकर यायचा तो एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड, आणि कोरड्या विहिरीत पाणी सोडून जायचा. मग त्या विहिरीवर जे व्हायचं त्याला पाणी भरणं म्हणत नाहीत. घागरीवर घागर आपटायची, दोर एकमेकींत अडकायचे, गढूळ पाणी वर यायचं, ते फडक्यातनं गाळून पोरांना पाजायचं. आणि दवाखान्याचा टँकर वेगळा. तो संस्थेच्या पैशाचा, बांधकामासाठी मंजूर झालेला, दूरच्या तळ्यावरनं यायचा, रोज यायचा, आणि शिडीला पाइप लावून छपरावर चढायचा.

यल्लूबाई खाली उभी राहून मान वर करून बघत होती. "रानातलं वाफं कोरडं, आन् ह्या दवाखान्याच्या डोसक्यावर भरल्यात बगा," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, अशीच.

शिडी त्यांच्या पायाखालची होती. उजाडायच्या सुमाराला बायका वर चढायच्या, वाफ्यातनं तांब्यानं घागर भरायच्या, आणि जशी घमेली वर पोचवली तशाच ओळीनं घागरी खाली द्यायच्या. भांडण नाही, गलका नाही. विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या त्याच बायका. मी एकदा ते पाहिलं. सूर्य नुकता वर येत होता, आणि घागरींच्या काठांवर त्याचा तांबूस उजेड लागत होता. मी गुपचूप मागं फिरले. त्यात चोरी कुणी धरत नव्हतं. पाणी होतं, माणसं तहानलेली होती, मध्ये फक्त एक शिडी होती.

जाधवांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ऊन वर यायच्या आत वाफे सुकलेले दिसायचे. त्यांनी राखण्या बसवला. राखण्याची बायकोच ओळीत होती. त्यांनी शिडी काढून ठेवली. बायका बांधकामाच्या बांबूंवरनं चढल्या. मग ते माझ्याकडं आले.

"बाई, ह्यांना समजवा तुमी. सिमिट कोवळं हाय. आत्ता पानी तुटलं तर तडं जातील, आन् परत सिमिट मला जल्मात मिळायचं न्हाई."

"मग त्या पाण्यातलं थोडं खाली द्या. वर चढायचं कारणच राहणार नाही."

"पानी बांधकामाला मंजूर हाय. खाली दिलं तर वरनं ईचारत्यात. पावसाच्या आत सायेब लोक बघायला येनार हायत."

"जाधव, त्या स्लॅबखाली जी बाई बाळंत होणार, ती आज तहानलेली आहे."

त्यांनी मान वर करून स्लॅबकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुमी औषधाचं बगा बाई, मी सिमिटाचं बगतो."

दुसऱ्या दिवशी मी लसी आणायला विट्याला गेले होते. परत आले तर सामानाच्या खोलीचं दार उघडं, आणि फिनेलचे कॅन कमी. खोली माझ्या ताब्यात असली तरी किल्ली जाधवांकडंही होती. मी धावत बांधकामावर गेले, वर चढले. वरचे सगळे वाफे पांढरे झाले होते. काळं फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं होतं, हे मी रोज बघत होते, पण तेवढं पांढरं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. खाली पोरं नाचत होती, "दवाखान्यावर दूध! दवाखान्यावर दूध!" म्हणून.

मी जाधवांवर तोंड सोडलं. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "पिनार न्हाईत आता. वासानंच पिनार न्हाईत. कुनाला काय हुनार न्हाई बाई, म्हनून तर फिनेल घातलं." आणि ते खरंच होतं. कुणाला काही होऊ नये याची त्यांनी काळजी घेतली होती. शहाणपणानं, चांगल्या मनानं, हिशेबानं त्यांनी पाणी नासवलं होतं.

सकाळी यल्लूबाई पहिली वर चढली. घागर वाफ्यापाशी नेली आणि थांबली. वाकून वास घेतला. मग उठली, रिकामी घागर डोक्यावर घेऊन खाली आली. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या. मी तिथं उभी होते. ती माझ्यासमोर आली, माझ्या पदराजवळ नाक नेलं आणि एक श्वास घेतला.

"त्योच हाय," ती म्हणाली.

"यल्लूबाई, मी नाही टाकलं. मी गावात नव्हते."

"वैरी बी इहिरीत असलं काय टाकत न्हाई, बाई. आमची भावकी भावकीच्या जीवावर उठती, बांधावरनं डोस्की फुटत्यात, पर पानी कुनी नासवत न्हाई. तुमी पानी नासवलं."

तुमी म्हणजे मी नव्हे. तुमी म्हणजे आम्ही सगळे. संस्था, जाधव, सांगलीचा तो खरेदीवाला, ज्यांनी चांगल्या मनानं पैसे पाठवले ते लांबचे लोक. पण त्या 'तुमी'ला गावात हात, पाय आणि वास असलेलं एकच माणूस होतं. ती मी होते.

बायका कामावर येत राहिल्या, मजुरी सोडून कसं चालेल. पण माझ्या खोलीत पाऊल पडेना. पोरांना दुधाची पावडर कालवून द्यावी तर त्या पांढऱ्या पेल्याकडं बघून आया पोरं ओढून न्यायच्या. मी फिनेल वापरायचं सोडलं, राख घेऊन हात घासले, चिंचेनं घासले. वास जायला पाणी लागतं. मी बायनाच्या दारात दोनदा गेले. दोन्ही वेळा यल्लूबाईनं बाहेरच बसायला घोंगडं टाकलं, गूळ दिला आणि सून निजली आहे म्हणून सांगितलं. पाहुणीला आधी पाणी द्यायची त्या मुलखाची रीत. टंचाईतसुद्धा तांब्याच्या तळाशी घोटभर का होईना, देतात. मला तिनं दिलं नाही.

मग ती दुपार. कामावरच्या एका बाईनं घमेलं खाली ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हटलं, "बायना पहाटंपासनं अडलीया." मी पळत गेले. दार आतनं लावलेलं. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. आतनं बायनाचा आवाज येत होता, मोठा नाही, मेंढरू कण्हावं तसा. यल्लूबाई दाराआडनं म्हणाली, "जावा बाई. तुमच्या हातचं नगं." मी उन्हात उंबऱ्याला टेकून बसले. पलीकडं छपरावरच्या पाण्याला वारा लागला की तो वास तिथपर्यंत यायचा.

सावल्या लांबल्यावर दार उघडलं. यल्लूबाईनंच उघडलं. ती एका दुपारीत म्हातारी झाली होती. ती बाजूला सरली. आत गेले तर बाळाचा एक हात बाहेर आलेला, निळा पडलेला. तिथं मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी हाक मारली असती तर ट्रक होता, रस्ता होता, दिवस होता.

ट्रक तेव्हाही होता. पांढऱ्या फरश्यांची दुसरी खेप घेऊन आदल्या रात्रीच आला होता, अजून वरपर्यंत भरलेला. मी जाधवांना ओरडून सांगितलं. तो माणूस क्षणभर थांबला नाही. स्वतः वर चढला आणि फरश्या अक्षरशः फेकत सुटला. सांगलीहून गवतात बांधून आणलेल्या त्या फरश्या खळाखळा फुटत होत्या आणि जाधव रडत होते. बायनाला घोंगड्यावर घालून वर घेतलं. मी, यल्लूबाई आणि ती.

वाटेत बायनानं पाणी मागितलं. ड्रायव्हरनं त्याची छागल मागं दिली, ट्रकला अडकवतात ती कापडी पाण्याची पिशवी. मी ती हातात घेतली. यल्लूबाईनं ती माझ्या हातातनं काढून घेतली, तोंडाशी नेली, हुंगली, आणि मगच सुनेच्या ओठाला लावली. बायना दोन घोट प्यायली. गार होतं पाणी. तिनं डोळे मिटले, चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. विट्याला पोचायच्या आधीच ती गेली.

दवाखाना पावसाच्या आत पुरा झाला. साहेब लोक आले, हार झाले, नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोत मी आहे, तोट्यांच्या शेजारी. मी लवकरच ती नोकरी सोडली आणि सरकारी नोकरीत लागले. त्या दवाखान्यात बाळंतपणाला बाई आली नाही ती नाहीच. माझ्यानंतरच्या नर्सनं वाट बघितली, तिच्यानंतरचीनं अर्ज करून बदली घेतली. संस्थेनं आपल्या अहवालात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. लोक अडाणी आहेत, असंच काहीसं लिहिलं असणार.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या बाजूच्या लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून गावात शिरले. इमारत तशीच उभी आहे. आत कडबा भरून ठेवतात. तोट्या कुणीतरी काढून नेल्या, भांडी फुटली, पण मी मान वर करून नीट बघितलं, स्लॅबला एक चीर नाही. एवढ्या पावसांत एक थेंब गळला नाही म्हणे. जाधव आता नाहीत. असते तर त्यांना हे कळवलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नसतं कळवलं.

यल्लूबाई होती. पार वाकलेली, डोळ्यांनी अधू. दारातल्या लिंबाखाली बसली होती. मी नाव सांगितलं. बराच वेळ ती माझ्या दिशेनं बघत राहिली. मला वाटलं, उठ म्हणेल, जा म्हणेल. मी तेवढ्याचसाठी गेले होते, असंही असेल. ती उठली आणि भिंतीला धरत आत गेली. गावाला आता पाणी आहे, दारात नळ आहे; आतनं तांब्या बुडवल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली. तांब्या दोन्ही हातांत. माझ्यासमोर येऊन थांबली, तांब्या आधी स्वतःच्या नाकापाशी नेला, डोळे मिटून सावकाश वास घेतला. मग माझ्यापुढं धरला.

"घ्या बाई," ती म्हणाली. "चांगलं हाय."